चर्चगेट: वाटेवरचे स्थानक टर्मिनस कसे झाले

चर्चगेटला गाडीतून उतरलेला प्रवासी एकही जिना न चढता फलाटाच्या टोकाशी पोहोचतो आणि तसाच सपाटीवरून बाहेर पडतो. रूळ संपतात तिथे बफर, बफरामागे मोकळे आवार आणि आवारापलीकडे रस्ता, अशी ही रचना इतकी स्वाभाविक वाटते की पश्चिम रेल्वेचा मार्ग मुळापासून इथेच संपवायचा ठरलेला होता, असा कुणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. १८७० मध्ये सुरू झालेले हे स्थानक पुढची साठ वर्षे वाटेवरचे एक स्थानक होते; मार्ग त्याला ओलांडून सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेला कुलाब्यापर्यंत जात होता. १९३० च्या अखेरीस तो पुढचा तुकडा बंद झाला आणि चर्चगेट आपोआप शेवटचे स्थानक ठरले. टर्मिनस म्हणून त्याची आखणी कुणी निवांतपणे केली नव्हती. जमिनीच्या एका सरकारी योजनेमुळे ते पद त्याच्या वाट्याला आले.

चर्चगेटच्या कामकाजात आज दिसणारी शिस्त आणि तिथे जाणवणारी कोंडी या दोन्हींचे मूळ त्या एकाच निर्णयात आहे, असे मला वाटते, आणि या प्रकरणाची मांडणी त्याच अंगाने केली आहे.

किल्ल्याची वेस, समुद्राचा काठ

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बी.बी.सी.आय. ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली, परंतु तिचे काम मुंबईत सुरू झाले नाही. तिचा पहिला तुकडा १८६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला आणि तिथून दक्षिणेकडे सरकत मार्ग नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचला. तोवर ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी बोरीबंदरला अकरा वर्षे बस्तान बसवून होती. बेटाची पूर्वेकडची, गोद्यांना लागून असलेली बाजू तिच्याकडे गेली होती. उशिरा आलेल्या कंपनीला फोर्टातील कचेऱ्या आणि कुलाब्याचा कापूसबाजार गाठायचा होता आणि त्यासाठी मोकळी अशी एकच वाट होती, ती पश्चिमेच्या किनाऱ्याने, बॅकबेच्या, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागराच्या, पाण्याला लागून.

ती वाट मिळाली ती एका दिवाळखोरीतून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला होता, हातात आलेला पैसा समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये ओतला जात होता आणि त्या साऱ्यांत बॅकबेच्या कंपनीचा शेअर सर्वांत चढ्या भावाने विकला जात होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यासोबत या कंपन्याही बुडाल्या. बॅकबेच्या संपूर्ण उपसागरावर उभे राहणारे नवे शहर कागदावरच राहिले. किनाऱ्यालगत जी चिंचोळी पट्टी भरून झाली होती, ती सरकारच्या हाती आली आणि तिच्यावरून रेल्वेला पुढे जाता आले. चर्चगेट ते मरीन लाइन्स हा भाग इतका अरुंद का आहे, असा प्रश्न आजही पडतो. त्याचे पहिले उत्तर १८६५ च्या त्या पट्टीत आहे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी विरारहून एक गाडी यायची आणि संध्याकाळी तीच परत जायची. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे वाहणाऱ्या लोंढ्याची दिशा तिथेच ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

स्थानकाच्या नावाची गोष्टही याच काळातली आहे. फोर्टाच्या तटबंदीला तीन मुख्य वेशी होत्या. त्यांपैकी सेंट थॉमस चर्चकडे नेणारी ती चर्चगेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६० च्या दशकात, तट पाडण्यात आला, वेसही गेली आणि तिच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. म्हणजे १८७० मध्ये स्थानकाला नाव दिले गेले तेव्हा ज्या दरवाजावरून ते दिले तो दरवाजा उरलाच नव्हता, आणि तो होता तेव्हाही स्थानकाच्या जागेपासून बराच पूर्वेला होता. वेशीतून समुद्राकडे येणारा रस्ता चर्चगेट स्ट्रीट म्हणून ओळखला जात असे. त्याच रस्त्याचे आजचे नाव वीर नरिमन मार्ग. हे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

१८७३ मध्ये प्रवासी वाहतूक कुलाब्यापर्यंत पोहोचली आणि १८९६ मध्ये तिथे टर्मिनसची नवी इमारत सुरू झाली. कुलाबा हे खऱ्या अर्थाने टर्मिनस होते. कापसाच्या गासड्या उतरवायला जागा, डबे उभे करायला यार्ड, लांब पल्ल्याच्या गाड्यांची तयारी करण्याची सोय, हे सगळे तिकडे होते. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ मध्ये सुरू झाली तीही कुलाब्याहून. चर्चगेटच्या वाट्याला आले ते कंपनीचे मुख्यालय. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ती घुमटांची भव्य इमारत १८९९ मध्ये स्थानकासमोर पूर्ण झाली आणि आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय तिथेच आहे. मुख्यालय चर्चगेटला आणि टर्मिनस कुलाब्याला, ही विभागणी तीस वर्षे कुणालाही खटकली नाही. चर्चगेटला यार्ड नव्हते, कारण त्याची गरज नव्हती.

१९२८ ते १९३०: तीन वर्षांतले तीन निर्णय

पहिल्या महायुद्धानंतर बॅकबे भरून काढण्याची जुनी कल्पना पुन्हा वर आली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० च्या सुमारास सरकारने हे काम स्वतः हाती घेतले. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात दगडी भिंतीच्या फटींतून गाळ परत समुद्रात वाहून जाऊ लागला, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि कामातील गैरव्यवहार खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने चव्हाट्यावर आणले. योजनेतील एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले. अखेरीस आठ विभागांपैकी चारच भरले गेले आणि सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. उत्तरेकडचे पहिले दोन विभाग, म्हणजे चर्चगेटच्या पश्चिमेचा आणि मरीन ड्राइव्हलगतचा भाग, आणि दक्षिणेकडचे सातवा व आठवा हे कुलाब्याच्या बाजूचे दोन विभाग पूर्ण झाले. मधले चार विभाग पाण्याखालीच राहिले. ज्या माणसाने या योजनेविरुद्ध लढा दिला त्याचे नाव आज चर्चगेटच्या दारातील रस्त्याला आहे आणि पुढे त्याच पाण्यात भराव घालून उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटलाही आहे. मुंबईने त्यांचे ऋण असे दोनदा नोंदवले, याचे मला समाधान वाटते.

या भरावामुळे किनाऱ्याने जाणारा रेल्वेमार्ग किनाऱ्याचा राहिला नाही. तो नव्या, विकाऊ जमिनीच्या मधोमध आला. चर्चगेट ते कुलाबा हा पट्टा रेल्वेने मोकळा करावा आणि मार्ग चर्चगेटलाच संपवावा, असे सरकारने ठरवले. कंपनीपुढे पेच उभा राहिला. चर्चगेटच्या जागेत लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांची इंजिने, डबे धुण्याची आणि उभे करण्याची व्यवस्था मावणे शक्य नव्हते. त्यामुळे उत्तरेला सुमारे साडेचार किलोमीटरवर, बेलासिस रोडपाशी, नवे टर्मिनस बांधायचे ठरले. क्लॉड बॅटली यांनी आखलेले बॉम्बे सेंट्रल स्थानक २१ महिन्यांत उभे राहिले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर तेराच दिवसांनी, ३१ डिसेंबरच्या रात्री, कुलाबा बंद झाले.

या घटनाक्रमात एक गोष्ट मनाला लागते. याच कंपनीने ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्ग १५०० व्होल्टच्या विजेवर सुरू केला होता. म्हणजे कुलाब्यापर्यंत खांब रोवून तारा ओढल्या आणि तीन वर्षांच्या आत त्या तारांसकट मार्ग सोडून दिला. रेल्वेचे नियोजन एका खात्यात, जमिनीचे दुसऱ्या खात्यात आणि दोघांच्या मधोमध प्रवासी, ही मुंबईची व्यथा किती जुनी आहे हे त्यावरून कळते.

मात्र हेच विद्युतीकरण झाले नसते तर चर्चगेट टर्मिनस म्हणून चाललेच नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वाफेच्या इंजिनाची गाडी फलाटावर येऊन थांबली की इंजिन बफराच्या बाजूला अडकते. ते सोडवायला वेगळा रूळ लागतो, त्याला पाणी आणि कोळसा द्यावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावे लागते. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. मोटरमनने केबिन बदलली किंवा दुसऱ्या टोकाला दुसरा मोटरमन तयार असला की गाडी आहे तिथून उलट दिशेने निघते. अरुंद जागेत, यार्डाशिवाय, केवळ फलाटांच्या बळावर टर्मिनस चालवता येते ते या एका गुणामुळे. कुलाबा बंद करण्याचा निर्णय पाच वर्षे आधी झाला असता तर रेल्वेला तो पेलला नसता.

१९३१ पासून एक स्पष्ट विभागणी झाली: मेल-एक्स्प्रेस बॉम्बे सेंट्रलला, लोकल चर्चगेटला. कुणी ती उपनगरी प्रवाशांच्या भल्याचा विचार करून केली नव्हती, पण तिचा लाभ त्यांना झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला अठरा फलाट आहेत, त्यांपैकी सात लोकलचे, आणि तिथे एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या गाड्यांची वाहतूक सांभाळावी लागते. चर्चगेटला उशिरा आलेली मेल लोकलचा फलाट अडवून बसत नाही, मालाच्या ढिगातून वाट काढावी लागत नाही, बोचकी-ट्रंका घेऊन वाट पाहणारे कुटुंब दिसत नाही. सगळ्यांचे काम एकच, त्यामुळे सगळ्यांची चालही एक. चर्चगेटच्या आवारातील गर्दी इतक्या वेगाने का सरकते, याचे कारण मला या एकजिनसीपणात दिसते.

भोवती वाढलेले शहर

भरलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात नवे शहर उभे राहिले. मरीन ड्राइव्हच्या इमारती, ब्रेबर्न स्टेडियम, स्थानकासमोरच्या चौकात १९३८ मध्ये सुरू झालेले इरॉस चित्रपटगृह, हे सारे त्याच लाटेतले. स्थानकाच्या पूर्वेला स्टीव्हन्सच्या पिढीची दगडी, कोरीव इमारत आणि पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या गुळगुळीत, गोलसर कडांच्या इमारती, असा दोन काळांचा सांधा चर्चगेटला पडला आहे.

स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, बी.बी.सी.आय. आणि तिच्या शेजारची काही संस्थानी रेल्वेजाळी एकत्र करून पश्चिम रेल्वे स्थापन झाली. १९५५ मध्ये सचिवालयाची, म्हणजे आजच्या मंत्रालयाची, इमारत चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी राहिली आणि राज्य सरकारचा कर्मचारीवर्ग या स्थानकाचा रोजचा प्रवासी झाला. १९५७ मध्ये स्थानकाची सध्याची बहुमजली इमारत पूर्ण झाली. खाली प्रवाशांचे आवार आणि वर कार्यालये, अशी तिची मांडणी आहे. उपनगरी मार्गांच्या वाढीचे प्रकल्प हाती घेण्यासाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे कार्यालयही याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या कार्यालयात बसणाऱ्याला प्रश्न समजून घ्यायला दूर जावे लागत नाही.

स्थानकावर सर्वांत मोठा भार आला तो १९६० आणि १९७० च्या दशकांत, नरिमन पॉइंट आणि कफ परेडच्या भरावाने. लॉइड यांच्या योजनेतील अपुऱ्या राहिलेल्या विभागांचा काही भाग आता भरला गेला आणि तिथे कंपन्यांची उंच उंच कार्यालये आली. त्याच काळात १९७० मध्ये सिडकोची स्थापना करून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते. एका हाताने शहराचा भार पूर्वेकडे हलवायचा आणि दुसऱ्या हाताने दक्षिण टोकाला हजारो नोकऱ्यांची नवी जागा तयार करायची, हा विरोधाभास होता. त्यात भर अशी की ज्या दिशेला या नोकऱ्या निर्माण झाल्या, त्याच दिशेचा रेल्वेमार्ग चाळीस वर्षांपूर्वी उखडून टाकलेला होता. कुलाब्याच्या टर्मिनसच्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. चर्चगेटला उतरलेल्या माणसाला पुढे बेस्टची बस, शेअर टॅक्सी किंवा पायपीट, एवढेच पर्याय उरले. संध्याकाळी शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की याच दिशेने एके काळी लोकल धावत होती.

चार फलाटांचे गणित

चर्चगेटला चार फलाट आहेत. उत्तरेकडून चार रूळ येतात: दोन धीम्या गाड्यांचे आणि दोन जलद गाड्यांचे. साधारणतः एक व दोन क्रमांकाचे फलाट धीम्या गाड्यांना आणि तीन व चार जलद गाड्यांना दिले जातात. आता हिशेब करून पाहावा. गर्दीच्या वेळी एका जोडमार्गावर दर तीन मिनिटांनी गाडी सोडायची असेल आणि त्या जोडमार्गाला दोनच फलाट असतील, तर एका फलाटाच्या वाट्याला प्रत्येक गाडीमागे सहा मिनिटे येतात. या सहा मिनिटांत गाडीने सावकाश आत यायचे, माणसे उतरायची, नवी चढायची, मोटरमन आणि गार्ड यांनी जागा घ्यायची, सिग्नल मिळायचा, गाडीने फलाट सोडायचा आणि मागची गाडी आत येण्यासाठी सांधे पुन्हा फिरायचे. त्यातही आत येणारी गाडी आणि बाहेर पडणारी गाडी काही वेळा एकमेकींची वाट कापतात, तेवढा वेळ एकीला थांबावेच लागते. वाटेतल्या स्थानकावर गाडी अर्ध्या मिनिटात निघून जाते, तिला वळायचे नसते. संपूर्ण पश्चिम मार्गावर किती गाड्या धावू शकतील याचे गणित म्हणूनच अंतिमतः या चार फलाटांवर येऊन अडते. दहिसरला किंवा गोरेगावला कितीही सुधारणा केल्या तरी चर्चगेटला वळवता येतील तेवढ्याच गाड्या चर्चगेटपर्यंत आणता येतात.

पाचवा फलाट का बांधत नाहीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्वेला महर्षी कर्वे मार्ग, पश्चिमेला इमारती, दक्षिणेला आवार आणि चौक; रूंदी वाढवायला जागा उरलेली नाही. मुंबई सेंट्रलपासून उत्तरेला पाचवी मार्गिका टाकता आली, पण मुंबई सेंट्रल ते चर्चगेट या टप्प्यात चारच रूळ आहेत. पुढे सरकायचे तर बफराच्या पलीकडे शहर आहे. १९३० मध्ये दक्षिणेची वाट मोकळी ठेवली असती तर गाड्या पुढे नेऊन वळवता आल्या असत्या, हे आज नकाशा समोर ठेवला की स्पष्ट दिसते. त्या काळी जमिनीच्या विक्रीचा हिशेब झाला, पण वाहतुकीच्या वाढीचा झाला नाही.

रूंदी वाढवता येत नाही म्हणून लांबी आणि क्षमता वाढवण्याचे मार्ग शोधले गेले. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, २१ नोव्हेंबर २००९ पासून पश्चिम मार्गावर पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि पुढे त्या चर्चगेटपर्यंतही आल्या. लांब गाडी म्हणजे जास्त विजेची मागणी, आणि १५०० व्होल्टच्या जुन्या पुरवठ्याला तिथे मर्यादा होती. तितकीच शक्ती २५,००० व्होल्टने दिली तर तारेतून वाहणारा प्रवाह जवळजवळ सतरा पटींनी कमी होतो, तारांवरचा भार घटतो आणि उपकेंद्रे कमी लागतात. हे परिवर्तन चालू वाहतुकीत करायचे होते. एकही दिवस लोकल बंद ठेवणे परवडणारे नव्हते. रात्रीच्या तीन-चार तासांच्या ब्लॉकमध्ये काम करत ते टप्प्याटप्प्याने पुढे नेले गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार हा सगळा मार्ग नव्या विजेवर आला. बाहेर त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. कारशेडमधील कामगार, विद्युत विभागाचे कर्मचारी आणि मोटरमन यांनी पार पाडलेले हे काम मी या स्थानकाच्या इतिहासातील १९२८ नंतरचे सर्वांत मोठे तांत्रिक काम मानतो.

टर्मिनसचा आणखी एक धोका म्हणजे बफर. गाडीला इथे थांबावेच लागते. पुढे रूळ नाही. २८ जून २०१५ रोजी भाईंदरहून आलेली लोकल तीन क्रमांकाच्या फलाटावर वेळेत थांबली नाही, बफर तोडून तिचा पुढचा डबा फलाटावर चढला आणि काही जण जखमी झाले. तो रविवार होता. कामाच्या दिवशी सकाळी त्या आवारात किती माणसे असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या अंगावर ती बातमी वाचताना काटा आला असेल.

माणसांनी वापरलेले स्थानक

स्थानकाचे वेळापत्रक रेल्वे ठरवते, पण त्याचा वापर कसा करायचा हे प्रवासी ठरवतात. संध्याकाळी मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडचा प्रवासी घराच्या दिशेची गाडी तिथेच न पकडता आधी उलट्या दिशेने चर्चगेटला येतो, त्याच गाडीत बसून राहतो आणि जागा मिळवून परत निघतो. याला लोकांनी 'रिटर्न' येणे असे नाव दिले आहे. चर्चगेटला उभा असलेला प्रवासी गाडी आत येताच दारात धाव घेतो तेव्हा आतील अर्ध्या जागा आधीच भरलेल्या असतात, यावरून रोज वाद होतात. ज्याला बोरिवली-विरारपर्यंत तासाहून अधिक उभे राहावे लागणार आहे, त्याच्या दृष्टीने जागेचा प्रश्न किरकोळ नाही. विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटरवर आहे आणि १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरवर, गेली आहे.

सकाळची गर्दी ओसरते न ओसरते तोच डबेवाले येतात. सामानाच्या डब्यातून लाकडी खोके उतरतात, स्थानकाबाहेर डब्यांची वाटणी होते आणि फोर्ट, नरिमन पॉइंट, मंत्रालय अशा दिशांना हातगाड्या आणि सायकली निघतात. मावळ, मुळशी, जुन्नर, खेड या भागांतून आलेल्या या माणसांचा सगळा हिशेब लोकलच्या वेळेवर बेतलेला असतो.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडी महिलांसाठी सुरू झाली. अशी ती जगातील पहिली उपनगरी गाडी मानली जाते. चर्चगेटच्या आसपास महिला विद्यापीठ, महाविद्यालये, बँका आणि सरकारी कार्यालये असल्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्या स्त्रियांची संख्या इथे मोठी होती. दोन-तीन डब्यांत त्यांनी किती काळ दाटीवाटीने प्रवास करायचा, या प्रश्नाला ते उशिरा आलेले उत्तर होते. भाजी निवडणे, भिशी, हळदीकुंकू, डोहाळजेवण हे सगळे त्या गाडीत घडले आणि त्यातून रोजच्या ताणात एकमेकींना धरून ठेवणारे नाते उभे राहिले.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून विरारच्या दिशेने निघालेल्या सात गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कामावरून घरी परतणारी ती साधी माणसे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुन्हा लोकलने चर्चगेटला आले. त्याला धैर्य म्हणण्याची प्रथा आहे, परंतु घर चालवायचे तर त्यांना येणे भागच होते, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पुढचा टप्पा

गेल्या काही दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर परळ-लोअर परळला, वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अंधेरीत कार्यालये उभी राहिली आणि सकाळचा सगळा लोंढा चर्चगेटलाच येतो हे जुने चित्र बदलले. तरीही गाड्यांचे गणित चर्चगेटशी बांधलेले राहिले, कारण गाडी वळते तिथेच. दोन गाड्यांमधील अंतर कमी करणारी नवी संगणकीय सिग्नल यंत्रणा २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पसंचात आहे. तिच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत, पण चार फलाटांवर प्रत्येक गाडीला मिळणारी मिनिटे त्यामुळे किती कमी करता येतील, हा प्रश्न त्यातही सुटा करूनच पाहावा लागेल. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली वातानुकूलित लोकल आली. तिचे दरवाजे पूर्ण बंद झाल्याखेरीज गाडी हलत नाही, आणि हे सुरक्षिततेसाठी हवेच आहे. मात्र दारात लोंबकळत निघणाऱ्या गाडीच्या तुलनेत तिला जी थोडी जास्त सेकंदे लागतात, तीही याच सहा मिनिटांच्या हिशेबातून काढावी लागतात.

दक्षिणेकडची वाट मात्र पुन्हा उघडली आहे. आरे ते कफ परेड या सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. हुतात्मा चौकानंतर चर्चगेट, मग विधान भवन आणि अखेरीस कफ परेड, असा तो जातो. त्याचे शेवटचे स्थानक बधवार पार्कच्या, म्हणजे जुन्या कुलाबा टर्मिनसच्या, जवळच आहे. जमिनीवरून काढून टाकलेली वाट जमिनीखालून परत यायला जवळजवळ पंचाण्णव वर्षे लागली. चर्चगेटच्या आवारातून बाहेर पडणारा प्रवासी आता शेअर टॅक्सीच्या रांगेकडे वळण्याआधी मेट्रोच्या सरकत्या जिन्याकडेही पाहतो. लोकलचे बफर मात्र १९३१ मध्ये जिथे मार्ग थांबला, तिथेच आहेत.